नुसती चव

तोंडावर मी नवऱ्याला ‘अहो’ म्हणते, मनात मात्र अरे-तुरेच करते. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे सांगणार आहे ते बरंचसं मनातलं आहे.

नवरा केक करतो. घरी नाही, घरी तो साधा चहासुद्धा करत नाही. बेकरीत करतो, एकतीस वर्षं झाली. तिथे त्याला सगळे मास्तर म्हणतात. लग्नाचे चार मजली केक, वाढदिवसाचे, निरोप समारंभाचे, सगळे त्याच्या हातचे. वरची फुलं, पानं, नावं हेसुद्धा तोच काढायचा. ‘काढायचा’ म्हणते, कारण यंदाच्या सुरुवातीला त्याने एका म्हातारीच्या पंचाहत्तरीच्या केकवर नाव लिहायला घेतलं आणि शेवटची दोन अक्षरं केकच्या कडेवरून खाली उतरली. त्याला ती दिसलीच नाहीत. मालकांनी दुसऱ्या दिवसापासून नावं लिहायचं काम क्रीमवाल्या बाईकडे दिलं. बोलले काही नाहीत, पण न बोलता माणूस किती बोलू शकतो ते मालकांकडून शिकावं.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ऑपरेशन तसं साधं असतं म्हणे, माणूस सकाळी जातो आणि दुपारी घरी येतो. पण डोळ्यांच्या डॉक्टरांनी रक्ताचा रिपोर्ट पाहिला आणि फाईल मिटून ठेवली. तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी साडेदहा. “आठच्या आत आणा, मग या,” म्हणाले. “एवढ्या साखरेत मी हात लावणार नाही. जखम चिघळली तर आहे तेवढीही नजर जाईल.”

रिक्षात नवरा एवढंच म्हणाला, “डोळे गेले तर मला बेकरीत भांडी घासायलासुद्धा कोणी ठेवणार नाही.” त्याच्या आवाजात रडं नव्हतं, तक्रार नव्हती. म्हणूनच मला ते लागलं. केक सोडला तर या माणसाला दुसरं काही येत नाही, आणि दुसऱ्या कशाची आवडही नाही. मी ठरवलं, साखर खाली आणायचीच. आणते म्हणजे आणतेच.

साखरेच्या डॉक्टरीणबाईंनी गोळ्या बदलल्या, रोज चाळीस मिनिटं चालायला सांगितलं आणि एक छापील कागद हातात ठेवला. कागदावर ताटाचं चित्र होतं. अर्धं ताट हिरवं. दोन्ही वेळेला जेवायच्या आधी सॅलड खायचं, पोट निम्मं त्यानेच भरायचं, मग बाकीचं. म्हणजे जेवणातली साखर रक्तात हळूहळू उतरते, एकदम उसळत नाही. मला हे पटलं. मी कपडे दुरुस्तीच्या दुकानात काम करते. पॅन्टची उंची कमी करणं, चेन बदलणं, कंबर आत घेणं, बाहेर काढणं. आमच्याकडे सगळं मापावर चालतं. अर्धं ताट म्हणजे अर्धं ताट.

दुसऱ्या दिवसापासून माझी पहाट सुरीवर सुरू झाली. काकडी, टोमॅटो, गाजर, कोबी, मुळा, पालक, सिमला मिरची. चकत्या एका जाडीच्या, गाजराच्या काड्या एका लांबीच्या. वाकडंतिकडं कापलेलं मला बघवत नाही. वरून लिंबू. मीठ नाही, कारण नणंदबाईंनी फोनवर सांगितलं की मीठ वाईट. तेल नाही, कारण तेलही वाईट. नणंदबाईंना साखर नाही, रक्तदाब नाही, पण सल्ला मात्र सगळ्या रोगांवरचा आहे. “वहिनी, सोमवारी पांढऱ्या भाज्या, मंगळवारी लाल,” असंही एकदा म्हणाल्या. मी म्हटलं, वन्सं, बाजारात जी स्वस्त ती माझी सोमवारची भाजी. त्यांना राग आला, पण दोन दिवसांत उतरला.

डबा भरून मी देत होते आणि रात्री रिकामा घासून घेत होते. नवरा मुकाट खायचा. आयुष्यभर पदार्थाला नावं ठेवून पोट भरणारा माणूस. माझ्या माहेरच्या लग्नातल्या जेवणावर त्याने पाऊण तास भाषण दिलं होतं, तेही पंगतीत. तो आता माझं ते अळणी गवत चावत बसायचा आणि एक अक्षर बोलायचा नाही. शेजारीण एकदा दारातून डोकावून म्हणाली, “घरात म्हैस बांधलीत की काय?” यावरही तो नुसता हसला. मला वाटलं, सुधारला. माणूस चाळीस वर्षांनी सुधारतो, पन्नास वर्षांनी सुधारतो, वेळ लागतो एवढंच.

आणि कंबर उतरायला लागली! सहाव्या आठवड्यात पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलं. मी रविवारी टेप घेतली आणि त्याला उभं केलं. दीड इंच कमी. मी त्याच्या चारही पॅन्टी उसवून कंबर आत घेतली. दहाव्या आठवड्यात परत एक इंच. इतक्या आनंदाने मी कुणाच्या पॅन्टी शिवल्या नसतील. दुकानात आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला मी सॅलडचं महत्त्व सांगितलं. एका बाईंना तर कागदावरचं ताट काढून दाखवलं, त्या बिचाऱ्या पडद्याची शिवण घालून घ्यायला आल्या होत्या. आमच्या धंद्यात माणूस खोटं बोलेल, टेप बोलत नाही. टेप म्हणते अडीच इंच गेले, तर गेले.

तीन महिन्यांनी रिपोर्ट आला. दहा पूर्णांक दोन.

मी डॉक्टरीणबाईंना म्हटलं, “रिपोर्ट बदलला असेल. कंबर बघा ना. अडीच इंच उतरलीय.”

त्यांनी नवऱ्याला वजनकाट्यावर उभं केलं, मागचं वजन पाहिलं आणि माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मला खुर्चीत बसवेना. “हे चांगलं उतरलेलं नाही,” त्या म्हणाल्या. “साखर एवढी असली की ती अंगी लागत नाही, लघवीतून निघून जाते. मग शरीर स्वतःचंच मांस खातं. त्यामुळे वाळलेत ते.”

म्हणजे मी इतके दिवस माझ्या नवऱ्याचं झडणं मापत होते आणि वर त्याच्या पॅन्टींना टीप घालत होते. हौसेनं! साखरेपायी पेढे घरात आणायची सोय नव्हती म्हणून, नाहीतर मी ते गल्लीत वाटले असते.

“गोळ्या घेता वेळेवर?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“हो.”

“सॅलड?”

“रोज. दोन वेळा,” नवरा म्हणाला.

“बाहेर काही गोड खाता?”

“नाही.”

“बेकरीत?”

“एक घाससुद्धा नाही.”

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी नवऱ्याकडे. दोघींच्या डोक्यात एकच आलं होतं. “मी अजून तीन महिने देते,” त्या म्हणाल्या. “पण डोळे तोपर्यंत थांबतील का, ते मला सांगता येणार नाही.”

घरी येईपर्यंत मी मूग गिळून गप्प होते. दार लावलं आणि सुरू झाले. “खरं सांगा. किती खाता?”

“काही नाही खात.”

“मग साखर आभाळातून पडते का?”

“मला काय माहीत! तू देतेस तो पाला खातो, मैलभर चालतो, गोळ्या गिळतो. अजून काय करू, सांग ना. श्वास घेणं बंद करू?” असं म्हणून त्याने चपला तशाच पायात ठेवून खोलीत जाऊन पांघरूण घेतलं. दुपारचे तीन वाजले होते.

पुढचे चार दिवस मी पोलिसासारखी वागले. त्याचे खिसे तपासले. त्याच्या तोंडाचा वास घेतला. एकतीस वर्षं बेकरीत काढलेल्या माणसाला व्हॅनिलाचा वास येणार नाही तर काय कापराचा येणार, पण माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. त्याचं ‘एक घाससुद्धा नाही’ आठवलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. मी रोज पहाटे साडेपाचला उठून कोबी चिरणार, लिंबं पिळून बोटांच्या चिरा झोंबवून घेणार आणि हा पठ्ठ्या तिकडे केकचे कडेचे तुकडे गट्टम करणार! पाचव्या दिवशी दुकानातून अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकली आणि बेकरीत गेले.

दोन वर्षांपूर्वी मालकांनी स्वयंपाकघराची पुढची भिंत पाडून तिथे काच बसवली. लोकांना केक होताना बघायला आवडतो म्हणे. समोर चार टेबलं मांडलीत. मी कोपऱ्यातल्या टेबलाशी बसले, बिनसाखरेचा काळा चहा मागवला आणि खांबाआड सरकले. पाच मिनिटांत कळलं की लपायची काही गरज नाही. नवरा दोनदा काचेजवळ आला, सरळ माझ्या दिशेने बघितलं आणि परत वळला. मधे दहा फुटांचं अंतर असेल. त्याने आपल्या बायकोला ओळखलं नाही. त्याला दिसायचं कमी झालंय हे मला माहीत होतं, पण इतकं झालंय हे त्याने मला कधी कळू दिलं नव्हतं. मी चहा ढवळत बसले, त्यात ढवळायला काही नसताना.

मग मी डोळ्यांत तेल घालून पाहायला लागले. तो खरंच काही खात नव्हता. केकचे काप निघत होते, कडा निघत होत्या, त्यांना तो हात लावत नव्हता. पण त्याच्या ॲप्रनच्या खिशात लांब दांड्याचा एक चमचा होता. क्रीम फेटलं की चमचा. क्रीमात चॉकलेट पडलं की चमचा. पाक उकळला की चमचा, निवला की परत. चमचा तोंडात जायचा, डोळे क्षणभर मिटायचे, मान हलायची. मग तो चिमूटभर मीठ टाकायचा किंवा लिंबाचे दोन थेंब, आणि पुन्हा चमचा. मग नळाखाली खळखळून धुवायचा आणि पुढच्या भांड्याकडे.

मोजायला हाताशी काही नव्हतं. कामावरून तशीच आल्यामुळे ओढणीच्या उजव्या बाजूला टाचण्या टोचलेल्या होत्या. एका चमच्याला एक टाचणी मी उजवीकडून काढून डावीकडे टोचायला लागले. उजवीकडच्या संपल्या, मग उलट सुरू केलं. दोन तासांत तेहतीस.

एक वाजता तो स्टुलावर बसला आणि माझा डबा उघडला. पाठ लोकांकडे केली, पण मला बाजूने दिसत होतं. सगळा कोबी, सगळा मुळा, शेवटचं पान त्याने बोटाने गोळा करून खाल्लं. एवढ्या निष्ठेने तर मीही माझं सॅलड खाल्लं नसतं. माझा राग जरा निवला. आणि मग त्याने तोंड पुसलं, उठला, आणि खिशातून चमचा काढला.

संध्याकाळी तो घरात शिरला तशी मी म्हटलं, “तेहतीस.”

“काय तेहतीस?”

“चमचे. दोन तासांत. मी समोर बसले होते.”

आधी त्याचा चेहरा उतरला, मला वाटलं चोरी पकडली म्हणून. पण तो म्हणाला, “समोर होतीस? कुठे?” मग जरा थांबून, “अगं, ती तर चव. चव घेत होतो मी.”

“मग?”

“मग काय? चव घेणं म्हणजे खाणं नव्हे.”

“का, चवीला गळ्यात वेगळं दार आहे का तुमच्या? ती पोटात न जाता कुठे जाते?”

“अगं, पण ते काम आहे! तू दिवसभर पॅन्टी शिवतेस, म्हणून तू पॅन्टी घातल्यास असं होतं का?”

मी हसू दाबलं, कारण हसले असते तर हरले असते. सुरुवातीला मला वाटलं, वकिली करतोय. पण नाही. त्याच्या तोंडाकडे बघून कळलं की हा माणूस खरं बोलतोय. एकतीस वर्षांत त्याच्या मनात हे कधी आलंच नव्हतं. त्याच्या लेखी खाणं म्हणजे बसून, ताटातून, भुकेने. उभ्याने, चमच्याने, डोळे मिटून जे करतात ते खाणं नाहीच. डॉक्टरीणबाईंनी ‘बेकरीत?’ विचारलं, त्याने ‘एक घाससुद्धा नाही’ सांगितलं, आणि त्याच्या हिशोबात ते शंभर टक्के खरं होतं.

मी ओट्यावर वाटी ठेवली आणि तेहतीस चमचे साखर मोजून तिच्यात घातली. वाटी भरली, वर ढीग झाला, साखर ओट्यावर सांडली. “सगळे चमचे साखरेचे नव्हते,” तो म्हणाला. “अर्धे होते असं धरा,” मी म्हटलं, “आणि तुम्ही आठ तास काम करता.” तो खुर्चीवर बसला. सांडलेल्या साखरेवर त्याने बोट फिरवलं, आणि बोट तोंडाकडे जाताना मधेच थांबलं. माझ्याकडे बघून त्याने ते पॅन्टला पुसलं.

“आता काय करायचं?” त्याने विचारलं. हे त्याने मला आयुष्यात फार कमी वेळा विचारलंय.

आधी थुंकायचं ठरलं. चव घ्यायची आणि सिंकमध्ये टाकायची. एका सकाळीच ते संपलं. काचेपलीकडून एका बाईंनी मास्तरांना केकच्या भांड्याशेजारी थुंकताना पाहिलं आणि आख्ख्या दुकानाला ऐकू जाईल असं “शी!” केलं. मालक या वेळी मात्र बोलले.

मग क्रीमवाल्या बाईने चव घ्यायची असं ठरलं. तीन दिवस चाललं. “तिला काहीही दे, ती ‘छान’ म्हणते,” नवरा घरी येऊन ओरडला. “पाक करपला होता. करपला होता! ती म्हणाली, छान. तिच्या तोंडात जीभ आहे की चामड्याचा तुकडा?”

शेवटी मी म्हटलं, “मोजा.”

“काय मोजू?”

“सगळं. मी कधी अंदाजाने कात्री चालवते का? माप घेते, खडूने खूण करते, मग कापते. तुम्ही वजन करा, लिहून ठेवा, रोज तेवढंच टाका. चाखायचं कशाला?”

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याला चोरी करायला सांगितलीय. “मोजून केक कोणीही करतो,” तो म्हणाला. “दमट हवेत साखर वेगळी लागते. लोणी रोज सारखं नसतं. लिंबू लिंबासारखं नसतं. ते काट्याला कळत नाही.”

“काट्याला मोतीबिंदूही होत नाही,” मी म्हटलं.

बोलायला नको होतं. पण तीन महिने कोबी चिरल्यावर माणसाच्या जिभेलाही धार येते.

रविवारी आम्ही काटा घेऊन बसलो. तो हाताने साखर उचलायचा, मी ती त्याच्या हातातून काट्यावर ओतून घ्यायची आणि वहीत लिहायची. लोणी, दूध, कोको, मीठ, लिंबाचा रस थेंबांत. त्याचा हात प्रत्येक वेळी एक-दोन ग्रॅमचाच इकडेतिकडे व्हायचा. मी मनात म्हटलं, बाप रे. तोंडावर काही म्हटलं नाही. संध्याकाळी बारा केकांची मापं वहीत उतरली होती, त्याला दिसतील अशा बोटभर उंच अक्षरांत. सोमवारी तो चमचा न घेता कामावर गेला.

साखर तपासायचं छोटं यंत्र आम्ही रिपोर्टनंतर आणलं होतं. रोज सकाळी मी त्याच्या बोटाला टोचायची. त्यात त्या वेळची साखर दिसते, तीन महिन्यांची सरासरी नाही. सोमवारी दोनशे चौतीस होती. गुरुवारी दोनशे पाच. पुढच्या बुधवारी एकशे सत्तर. तेच सॅलड, तेवढंच चालणं, त्याच गोळ्या. इतके दिवस पालथ्या घड्यावर पाणी ओतत होते, तो घडा आता कुठे सरळ झाला होता. डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, “असंच चालू ठेवा, ऑपरेशनची तारीख मिळेल.” मी फोन ठेवून स्वयंपाकघरात एकटीच दोन मिनिटं उभी राहिले. मला ओरडावंसं वाटत होतं, आनंदानेच.

पण नवरा बोलेना. यंत्रावरचा आकडा त्याला दाखवला की “बरं” म्हणायचा. दहा दिवस असं गेलं. अकराव्या दिवशी तो एक छोटा खोका घेऊन आला. आत चॉकलेट केकचा एक काप होता.

“कोणाला काही कळलं नाही,” तो म्हणाला.

“काय कळलं नाही?”

“दहा दिवस मी न चाखता केक करतोय. नुसती वही बघून, वजन करून. एकाही गिऱ्हाइकाने विचारलं नाही. त्या मोठ्या ऑफिसातून दर शुक्रवारी दोन केक जातात, बारा वर्षं जातात. काही नाही. मालक तर म्हणाले, मास्तर, आता माल अगदी एकसारखा येतो.” तो जरा हसला, ते हसणं मला आवडलं नाही. “क्रीमवाल्या बाईला दिला. ती काय म्हणाली असेल?”

“छान.”

“छान.” त्याने खोका माझ्यापुढे सरकवला. “तू सव्वीस वर्षं माझ्या हातचं खातेस. तू खा, आणि खरं सांग. काही कमी असेल तर सांग. मग मी बघतो काय करायचं ते.”

बघतो म्हणजे काय, ते दोघांनाही माहीत होतं. चमचा ड्रॉवरमध्ये पडलेला होता, माझ्यापासून हातभर लांब.

मी घास घेतला. केक मऊ होता, गोड होता, चॉकलेट भरपूर होतं. मी थांबले. त्याच्या केकमध्ये गोड सरता सरता मागून काहीतरी येतं. कधी किंचित खारट, कधी आंबटाची एक रेघ, आणि मग पुढचा घास घ्यावासा वाटतो. त्याला काय म्हणतात ते मला माहीत नाही, मी शिवणकाम करणारी बाई. पण सव्वीस वर्षं ते येत आलंय. मी दुसरा घास घेतला आणि पुन्हा वाट पाहिली. ते आलं नाही. नुसतं गोड होतं, आणि गोड गेल्यावर तोंड रिकामं.

मला इतका राग आला! त्या ऑफिसातल्या लोकांचा, बारा वर्षं फुकट खाल्लेल्या त्यांच्या जिभांचा, मालकांच्या ‘एकसारखा’चा. मला उठून सांगावंसं वाटलं, अहो, कळतंय मला. अगदी पहिल्या घासाला कळलं. तुम्ही नाही आहात यात. त्याला एवढंच ऐकायचं होतं. कोणीतरी एकाने म्हणायला हवं होतं, आणि साऱ्या गावात ते म्हणू शकणारी मी एकटी होते.

“काय?” तो म्हणाला. तो पुढे वाकून माझा चेहरा वाचायचा प्रयत्न करत होता. त्याला तो वाचता येत नव्हता.

“तसाच आहे,” मी म्हटलं.

“नीट सांग.”

“नीटच सांगते. काही फरक नाही. नेहमीसारखाच झालाय.”

तो मागे टेकला. “म्हणजे एकतीस वर्षं मी उगाचच...” असं म्हणून त्याने वाक्य सोडून दिलं.

मी उठले. सॅलडचा वाडगा त्याच्यापुढे ठेवला. त्याने गाजराची एक काडी उचलली, परत ठेवली, आणि मग केकच्या बशीकडे हात नेला. “बघू, एक कण. नुसती चव.”

मी बशी ओढून घेतली. उरलेला केक मी उभ्या-उभ्या खाल्ला, बशीतले कणसुद्धा बोटाने टिपून घेतले, म्हणजे त्याला चाखायला काही उरणार नाही. तो माझ्याकडे बघत राहिला.

“एवढा आवडला?” त्याने विचारलं.

“हो,” मी म्हटलं. “तुम्ही सॅलड खा.”